योंगारीला ताक द्यायला हवं होतं

नावाजलेला कोरियन दिग्दर्शक किम की-दुकचा 1967 चा पिक्चर मिळालाय, या रविवारी बघायला, असं बिल्डिंगच्या ग्रुपवर ऐटीत टाकलं आणि तिथेच माती खाल्ली. पाच जण आले, कांदाभजी झाली, आणि पडद्यावर कोण, तर रबरी सूट घातलेला माणूस. 'योंगारी' नावाचा राक्षस! नाकावर शिंग, तोंडातून आग, आणि खेळण्यातलं सोल शहर तुडवत चाललाय. भाच्याने मोबाईलमधून मान वर न करता विचारलं, "मामा, किम की-दुक 1960 चा ना? मग हा काय सातव्या वर्षी काढला?"

आता त्याच नावाचा 1934 चा अजून एक दिग्दर्शक होता हे मला काय स्वप्न पडणार होतं? निदान थोरले-धाकटे तरी लावायचं ना, पेशव्यांसारखं.

भजी संपली तशी मंडळी उठली. राहिले फक्त वरच्या मजल्यावरचे नाना, ज्यांची सगळी नोकरी बर्फाच्या कारखान्यात गेली. योंगारी टाक्या फोडून तेल प्यायला लागला, नाना म्हणाले, "आपल्याकडे परवडला नसता." तो 'अरिरंग' या कोरियन लोकगीताच्या रॉक चालीवर नाचला, नानांनी मांडीवर ताल धरला. पण हेलिकॉप्टरमधून अमोनिया टाकला आणि नाना उठूनच उभे राहिले.

"अमोनिया? अरे आमच्याकडे लाइन लीक झाली की ओला टॉवेल तोंडाला लावून आम्ही पळायचो. आणि हा आग ओकणारा अमोनियाने मरतो?"

"नाना, पिक्चर आहे."

"म्हणून काय झालं!"

शेवटी योंगारी हान नदीत आडवा, तडफडतोय आणि मागच्या बाजूने रक्त. खरंच दाखवलंय तसं. नाना टीव्हीजवळ गेले, चष्मा कपाळावर सरकवला, नीट बघितलं.

"मूळव्याध."

"नाना, प्लीज..."

"अरे एवढं तेल पिऊन उष्णता होणार नाही तर काय? ताक द्यायचं सोडून अमोनिया मारतायत मेले!" आणि डोळे पुसले हो त्यांनी.

बरं, हे सगळं इंग्रजी डबिंगमध्ये, कारण मूळ कोरियन प्रत म्हणे पूर्ण उरलेलीच नाही. एवढं शहर बांधून मोडायला वेळ होता, रिळं सांभाळायला नव्हता. असो, माझा राग नक्की कोणावर आहे मलाच कळत नाहीये, भज्यांचं तेल पण माझंच गेलं.

रात्री ग्रुपवर भाच्याचा मेसेज: "पुढच्या रविवारी दुसरीतल्या कुठल्या पोराचा पिक्चर?" खाली अकरा जण खदाखदा हसलेले. त्यात पहिला नंबर नानांचा.