‘भारी हॉस्पिटलात इन्फेक्शन होत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. वर्तकनगरपासून घोडबंदर रोडपर्यंतच्या ओळखीच्या लोकांनी तो मला पाठवून ‘हे खरं आहे का?’ असं विचारलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हॉस्पिटलात लागणारं इन्फेक्शन सरकारी रुग्णालयातच होतं, भारी खासगी हॉस्पिटलात नाही. ॲडमिट होताच जोरदार अँटिबायोटिक सुरू करायला लावा. म्हाताऱ्या माणसाला लघवीची नळी घालून घ्या, हाल वाचतात. स्टाफच्या हातात ग्लोव्हज असले की काळजी नाही. आणि एवढं करूनही इन्फेक्शन झालंच, तर ते बिल वाढवायला मुद्दाम केलेलं असतं.

मी वॉर्डात आणि आयसीयूत नर्स म्हणून काम केलंय. हा मेसेज वाचून लोक खरंच तसं वागतात, म्हणून उत्तर देते.

आधी सरकारी-खासगीचं. येताना अंगात नसलेलं आणि दाखल झाल्यावर साधारण ४८ तासांनी सुरू झालेलं इन्फेक्शन हे हॉस्पिटलात लागलेलं धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७ जणांना आणि आपल्यासारख्या देशांत १५ जणांना ते होतं. म्हणजे पैसा ओतलेल्या, झकपक रुग्णालयांतही ते होतंच. गर्दीने फरक पडतो, हे खरं. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात मुंब्रा-दिव्यापासून शहापूरपर्यंतचे रुग्ण येतात. अशा कुठल्याही मोठ्या रुग्णालयात पावसाळ्यात डेंगी-मलेरियाची भर पडली, की एकेका सिस्टरकडचे रुग्ण वाढतात आणि दोन रुग्णांच्या मध्ये हात धुवायला सवड उरत नाही. पण मोठ्या खासगी आयसीयूत रुग्ण जास्त गंभीर असतो, आणि त्याच्या अंगात नळ्याही जास्त असतात: मानेतल्या मोठ्या शिरेत औषधांसाठी घातलेली नळी म्हणजे सेंट्रल लाईन, घशातली व्हेंटिलेटरची नळी, लघवीची नळी. जंतू आत शिरतात ते या वाटांनी. लॉबीत संगमरवर आहे की साधी फरशी, याच्याशी त्याचा संबंध नाही.

लघवीच्या नळीबद्दलचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो मायेपोटी पाळला जातो. ‘बाबांना सारखं उठायला नको, सिस्टर, नळीच घाला ना,’ असं कितीतरी मुलं-सुना सांगतात. लघवी तुंबली असेल, ऑपरेशन असेल, तासातासाचं माप हवं असेल, तर नळी हवीच. पण रात्री उठवायला कोणी नाही किंवा चादर ओली होते, हे काही नळीचं कारण नाही. त्यासाठी युरिनल, बेडपॅन, डायपर आहेत. नळी राहिली, की दर दिवसाला साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू येतात. सगळ्यांनाच त्रास होत नाही, पण काहींना थंडी वाजून ताप भरतो आणि त्यातल्या थोड्यांचं इन्फेक्शन रक्तात उतरतं.

आणि नळी असेल तर पिशवीकडे बघा. एक्स-रेला नेताना ती स्ट्रेचरवर रुग्णाच्या पोटावर ठेवून देतात. वॉर्डबॉय मामा घाईत असतात, नातेवाईकही ‘लोंबकळायला नको’ म्हणून स्वतःच उचलून ठेवतात. मग पिशवीतली लघवी नळीतून उलटी मूत्राशयात जाऊ शकते, जंतूंसकट. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. रिकामी करताना खालची तोटी भांड्याला लागू द्यायची नाही.

‘जोरदार अँटिबायोटिक’ मागून घेतलं की होतं असं: शरीरातले साधे जंतू मरतात, औषधाला दाद न देणारे उरतात आणि त्यांना रान मोकळं मिळतं. पुढे खरंच न्यूमोनिया झाला आणि कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, क्लेब्सिएला किंवा ॲसिनेटोबॅक्टरसारखा चिवट जंतू निघाला, तर रिपोर्टवर औषधांच्या नावांपुढे ‘आर’, ‘आर’, ‘आर’ अशी रांग दिसते. आर म्हणजे हे औषध चालणार नाही. तो कागद हातात घेऊन नातेवाइकांना समजावून सांगणं फार अवघड असतं. सेप्सिसची, म्हणजे इन्फेक्शनमुळे शरीराचे अवयव निकामी होऊ लागल्याची शंका असेल तर डॉक्टर ताबडतोब अँटिबायोटिक देतात, आणि द्यायलाच हवं. ऑपरेशनचाही नियम आहे: चीर देण्याआधीच्या १२० मिनिटांत डोस, आणि ऑपरेशन संपल्यावर केवळ खबरदारी म्हणून तो पुढे चालू ठेवायचा नाही.

ग्लोव्हजचं एवढंच, की तेच ग्लोव्हज घालून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर गेलं तर जंतूही सोबत जातात. दर रुग्णाला नवे ग्लोव्हज, आणि घालण्याआधी व काढल्यावर हात स्वच्छ. हँडरब (हातांना चोळायचं अल्कोहोलचं द्रावण) २० ते ३० सेकंद, साबण-पाणी ४० ते ६० सेकंद. हात डोळ्यांना मळलेले दिसत असतील तर हँडरब चालत नाही, साबणच लागतो. भेटायला येणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

राहिला ‘मुद्दाम करतात’ हा आरोप. निष्काळजीपणा होतो, आणि त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण मुद्दाम लावल्याचा संशय धरला की लोक भांडतात डॉक्टरशी, आणि नळी तशीच राहते. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या आयसीयूंनी सेंट्रल लाईनसाठी पाच साध्या गोष्टी नेमाने पाळल्या: हात धुणं, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा साफ करणं, लाईन घालताना पूर्ण निर्जंतुक आवरणं वापरणं, शक्यतो जांघेतून लाईन न घालणं, गरज संपताच लाईन काढणं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या लाईनमुळे होणारी रक्तातली इन्फेक्शन्स ६६ टक्क्यांपर्यंत घटली, आणि घट १८ महिने टिकली. डॉक्टर तेच होते, आयसीयूही तेच. शिस्त बदलली.

म्हणून राउंडच्या वेळी रोज विचारा: ही लाईन, ही नळी आज लागणार आहे का? कधी काढणार? व्हेंटिलेटरवर असेल तर डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली आहे का? यात कोणाचा अपमान नाही. चांगली सिस्टर या प्रश्नाने चिडत नाही, उलट तिला डॉक्टरांपुढे विषय काढायला सोपं जातं. हॉस्पिटल एनएबीएच (रुग्णालयांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मानांकित असेल, तर नळी, सेंट्रल लाईन, व्हेंटिलेटर आणि ऑपरेशनच्या जखमेच्या इन्फेक्शनचे आकडे त्यांना ठेवावेच लागतात. ठरवून होणाऱ्या ऑपरेशनसाठी दाखल होण्याआधी, रूमचे दर विचाराल तेव्हाच तेही विचारा.