भाड्याची चादर

परवा रात्री आम्ही परतलो, आणि माझ्या पाकिटात सहाशे रुपयांची एक पावती आहे, जिचा उच्चार घरात अजून कोणी केलेला नाही.

महाबळेश्वरच्या अलीकडे, केळघर घाटाच्या माथ्याजवळ, माझ्या सासऱ्यांनी हौसेने बांधलेली जांभ्या दगडाची एक लहानशी कॉटेज आहे. ती आता तीन भावंडांत सामाईक असून वर्षातले आठवडे चिठ्ठ्या टाकून वाटले जातात. चिठ्ठ्या पुण्यातल्या थोरल्या मेव्हण्यांच्या घरी उचलल्या जातात. या तपशिलाचा, आणि मे महिना दरवर्षी पुण्याला, दिवाळी ठाण्याला व जुलै सोलापूरला येण्याचा काहीही संबंध नाही, असे मला वारंवार सांगण्यात आले आहे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो तो आमच्या सोलापुरात. थंड हवेची गरज कोणाला आहे, हे चिठ्ठीला कळत नाही. वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पाहणारे आम्ही, त्याच्या दहापट पाऊस पडणाऱ्या डोंगरावर नेमके तो कोसळत असताना जाऊन बसतो.

पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, सातारा, मेढा असे करत संध्याकाळी वर पोहोचलो, तेव्हा धुक्यात कॉटेज हाताने चाचपून शोधावी लागली. सोबत शेंगाचटणी आणि दोन डझन कडक भाकरी होत्या. चादरी मात्र नव्हत्या, कारण वास्तुशांतीला आम्हीच सहा मयूरपंखी चादरी अहेर केल्या होत्या आणि त्या कपाटात असणार होत्या. कपाटात बुरशीचा वास होता आणि एक पायमोजा होता.

डोक्यावर घोंगडीची खोळ घेतलेले राखणदार आबा दारात उभे होते. "चादरी हायेत की," ते म्हणाले, "पर भाड्यानं. एका चादरीला, एका रातीला, पन्नास." मग त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेतून चार चादरी काढल्या आणि माझ्या हातावर ठेवताना बजावले, "सोलापुरी हायेत. जपून वापरा."

"आबा, आम्ही सोलापूरचेच आहोत."

"तरी जपून वापरा."

चादर उलगडली. एका बाजूला झेप घेणारा वाघ छापलेला होता आणि दुसऱ्या बाजूला काहीही नव्हते. हात फिरवला की तो घसरून पलीकडे जात होता. मी शक्य तितक्या शांतपणे सांगितले की सोलापुरी चादर सुती असते, तिच्यावरची नक्षी छापत नाहीत, जेकार्ड मागावर विणतात, त्यामुळे ती दोन्ही बाजूंना उमटते आणि रंग तेवढे उलटतात. आबांनी ऐकून घेतले, जसे गावात नव्या आलेल्या तलाठ्याचे ऐकून घेतात.

"रातच्याला अंधारात उलटीपालटी करून कोन बघतंय?"

"पण ही हलकी आहे. सोलापुरी चादर अंगावर जड लागते."

"जड असती ती नकली. हलकी असून ऊब देती ती खरी. म्या स्वता सोलापुरातनं आनली."

"सोलापुरात कुठून?"

"पंढरपुरातनं. जिल्हा सोलापूरच की!"

नाइलाजाने मी शेवटचे अस्त्र काढले. माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात तीस वर्षे हिशेबनीस होते आणि मागांची खटखट ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. आबांनी क्षणभर विचार केला. "मंग त्यांना ठावं असंल," ते म्हणाले. "तुमाला कसं असंल?"

त्या रात्री छपरावर पाऊस आदळत होता आणि वाघ दर दहा मिनिटांनी अंगावरून घसरून जमिनीवर झोपत होता. जागेपणी माणसाला नको ते आठवते. लहानपणी ज्या बोळातून मागांच्या आवाजामुळे ओरडून बोलावे लागे, तिथे आता कुजबुज ऐकू येते. जे माग उरले त्यांतल्या कितीतरींवर टॉवेल निघतात. चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आम्ही पेढे वाटले. परंतु मानांकनाचा कागद घाट चढून ट्रंकेपर्यंत येत नाही, आणि डोंगरावरच्या एका पॉलिएस्टरच्या वाघाला आमच्या गावाचे नाव लावले म्हणून जाब विचारायला कोणीही येत नाही.

सकाळी रेंज सापडताच मेव्हण्यांना फोन केला. आमच्या सहा चादरी पुण्यात सुखरूप होत्या. "तिथे कुबट होत होत्या हो, म्हणून घेऊन आलो. काय ऊब आहे त्यांना!" भाडे हा कॉटेजच्या देखभालीसाठी केलेला, सर्वांना सारखाच लागू असलेला नियम होता. "मग तुम्हीही भरता?" मी विचारले. "आम्ही मे महिन्यात जातो," ते म्हणाले. "तेव्हा चादर लागतेच कुठे?"

तीन रात्रींनंतर आबांनी दाताखाली पेन्सिल ओली करून पावती लिहिली: सोलापूरी चादर, नग ४, रात्री ३, रुपये ६००. निघताना सौभाग्यवतींनी उरलेल्या भाकरी त्यांना दिल्या. त्या दमट हवेत पार सादळल्या होत्या. आबांनी एक उचलली, दोन्ही टोके धरून हलकेच वाकवली; ती पापडाच्या लाटीसारखी मुकाट वाकली.

"ही काय सोलापुरी न्हाई," ते कळवळून म्हणाले. "खरी सोलापुरी भाकरी मोडताना कट्टकन वाजती. तुमाला कुनीतरी फसवलं बघा."