साडेतीन सायकली

मुलाचा चित्रालेखाचा धडा सुरू झाला आणि आमच्या घरातली शांतता संपली. पुस्तकात एका दुकानात विकलेल्या सायकलींची चित्रं, खाली बारीक अक्षरात प्रमाण: १ चित्र = १० सायकली. सोमवारपुढे साडेतीन चित्रं. मी विचारलं, किती सायकली विकल्या रे? साहेब म्हणाले, "साडेतीन." अर्धी सायकल कोण विकत घेतो? "सर्कसवाले. त्यांना एकच चाक लागतं."

आता याच्यावर काय बोलणार! बरं, प्रमाण वाच म्हटलं तर म्हणे, चित्रात साडेतीनच दिसतायत तर मी पस्तीस का म्हणू, तुम्हीच सांगता ना खोटं बोलायचं नाही.

पुढच्या गणितात प्रमाण ८ चं. आठ सक किती विचारलं की हा छताकडे बघत "एट वन जा एट" पासून गाडी सुरू करतो, सहापर्यंत येईस्तोवर कुकरच्या दोन शिट्ट्या होतात. त्यात पाव चित्र आलं. आईला पावकी, निमकी हे पाव-अर्ध्याचे जुने पाढे अजून तोंडपाठ, ती स्वयंपाकघरातूनच ओरडली, आठाची पावकी दोन! हा मला हळूच म्हणतो, आजी चीटिंग करतेय.

मग होमवर्क, सोसायटीच्या पार्किंगमधल्या वाहनांचा चित्रालेख. स्कूटर जास्त म्हणून यानं एकच स्कूटर काढली, पानभर, आरशांसकट. मी सांगितलं, अरे ऑटो नॉयरात नावाच्या माणसानं १९२५ मध्ये व्हिएन्नात म्युझियम काढलं आणि तिथे नियमच केला, संख्या वाढली की चित्र मोठं नाही करायचं, तेवढ्याच आकाराची जास्त चित्रं काढायची. "ते कुठल्या विंगमध्ये राहतात?"

स्कूटर २६, कार १३. मी म्हटलं प्रमाण २ घे, पाढा सोपा आहे. पण मग तेरा स्कूटर काढाव्या लागणार, तर यानं पेन्सिल चावत विचार केला आणि लिहिलं, १ चित्र = २६ वाहनं. एक अख्खी स्कूटर, अर्धी कार, वही बंद. चूक काढायला गेलो तर सापडेना हो, हिशोब चोख!

"आणि सायकली?"

"त्या मोजल्याच नाहीत. पाच होत्या."