शेतीशाळेत औषधांची नावं नको, मोजणी शिकवा

खरीप जवळ आला की गावोगाव शेतीशाळांची वेळापत्रकं ठरू लागतात. कृषी सहायक, कृषी विज्ञान केंद्रातली मंडळी, संस्थांचे कार्यकर्ते, कृषी सखी असे कितीतरी जण यंदा शेतकऱ्यांपुढे उभे राहतील. त्यांच्यासाठी ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण वावरात उभं राहून शिकवायचं असेल तर उपयोगी पडेल.

आपल्याकडे कोणत्याही बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, मले येवढं सांगा, कोन्तं औषध मारू?" नाव सांगितलं की माणूस खूश, आपणही मोकळे. पण पंधरा दिवसांनी तोच माणूस तोच प्रश्न घेऊन येतो, आणि आपण भेटलो नाही तर कृषी केंद्राच्या काउंटरवर जाऊन विचारतो. मग आपण शिकवलं काय? माझ्या मते शेतीशाळेचं यश एकाच गोष्टीवर ठरवावं. हंगामाच्या शेवटी शेतकऱ्याने "किती दिसलं तर मारू?" असं विचारायला हवं, आणि ते "किती" त्याचं त्याला मोजता यायला हवं.

मोजणीची सुरुवात कपाशीपासून करू नका. मे महिन्यात घरच्या सोयाबीनची उगवण तपासून घ्या. खर्च काही नाही, सहा-सात दिवसांत निकाल हातात येतो, आणि शिकवणाऱ्यावर विश्वास बसतो. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ बी काढायचं, एकत्र करायचं आणि न निवडता १०० दाणे मोजायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. गोणपाट पिळून ओलसर ठेवा. पाणी गळत असेल तर दाणे सडतात आणि चांगलं बियाणंही नापास होतं. दुसरी चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो, नकळत टपोरे दाणे निवडतो. म्हणून दाणे काढायला डोळे मिटायला लावा. १०० पैकी ७० उगवले तर एकरी ३० किलो बियाणं. त्याखाली प्रत्येक दाण्यामागे अर्धा किलो वाढवायचं, म्हणजे ६५ उगवले तर साडेबत्तीस किलो. इथे टक्केवारी हा शब्दही काढायची गरज पडत नाही. जो माणूस शाळेत चौथीपुढे गेला नाही, तोही हा हिशेब जागेवर करतो.

मोठ्या माणसाला शिकवताना हे नीट लक्षात घ्यायला हवं. त्याला हिशेब येतो, भागाकाराची मांडणी अडते. ती मांडणी आपण आधी सोपी करून न्यायची.

कपाशीच्या पानांतला रस शोषणाऱ्या तुडतुड्यांचंच पाहा. शिफारस सांगते, पानामागे २ ते ३ तुडतुडे म्हणजे नुकसानीची पातळी. हे वाक्य फळ्यावर लिहून काही होत नाही. वावरात २० झाडं घ्या, प्रत्येक झाडाची वरचं, मधलं, खालचं अशी तीन पानं, म्हणजे ६० पानं झाली. ६० पानांवर मिळून १२० च्या खाली असतील तर फवारणी नाही. एवढं सांगितलं की भागाकार गेला. पान मात्र हळूच, देठाकडून उलटवायला शिकवा. झटका बसला की तुडतुडा तिरपा पळतो आणि मोजणी कमी भरते. सकाळी लवकर तो सुस्त असतो, ऊन चढल्यावर हाती लागत नाही. अकरा वाजता सुरू होणारा वर्ग या एका कारणानेच वाया जातो.

झाडं निवडण्यातही तीच गडबड. शेतकऱ्याला आपल्या वावरातला खराब कोपरा माहीत असतो आणि पाय आपसूक तिकडेच वळतात. धुऱ्याकडचे (बांधाकडचे) चार-पाच तास म्हणजे ओळी सोडून आत शिरायचं, नागमोडी चालायचं, आणि ठरावीक पावलांवर जे झाड हाताशी येईल तेच घ्यायचं.

गुलाबी बोंडअळीचा धडा सगळ्यात अवघड. "बीटी आहे तं अळी काऊन?" हा प्रश्न येणारच, आणि तो टाळू नका. बीटी म्हणजे अळीला मारणारी प्रथिनं झाडातच तयार करणारी कपाशी. त्यातल्या दोन्ही प्रथिनांना ही अळी आता दाद देत नाही, हे सरळ सांगा. दुसरी अडचण अशी की ही अळी दिसत नाही. अंड्यातून निघालेली बारीक अळी फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते, बोंड वाढतं तसं शिरल्याचं छिद्र बुजून जातं. वरून बोंड हिरवंगार, आत सरकी पोखरलेली. आणि आत असलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. हे कारण समजलं तर "आठ दिवसांत तीन फवारण्या केल्या तरी फरक नाही" याचा उलगडा शेतकऱ्याला स्वतःच होतो.

म्हणून बोंडं फोडायला लावा. एकरातून २० हिरवी, वरून निर्दोष दिसणारी बोंडं तोडून धुऱ्यावर बसायचं आणि एकेक फोडायचं. लहान अळी पांढरी असते, तिच्यावर गुलाबीपणा नंतर येतो. "गुलाबी नाही म्हणजे ती नाही" असं म्हणून लोक पांढरी अळी सोडून देतात, इथे थांबा आणि सगळ्यांना ती तळहातावर घेऊन पाहू द्या. मोजणीसाठी तुरीचे दाणे वापरा, अळीचं बोंड निघालं की एक दाणा उजव्या खिशात. २० बोंडांत दोन दाणे झाले की पातळी गाठली. फुलावरही हेच, पाकळ्या न उघडता गुंडाळून राहिलेली डोमकळी दिसली की तोडून आतली अळी दाखवायची.

मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे कामगंध सापळे वाटले जातात, पण ते वापरायला शिकवलं जात नाही. लक्ष ठेवण्यासाठी एकरी २ सापळे पुरतात. पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी लावायचे, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट वर, आणि पीक वाढेल तसा सापळा वर सरकवायचा. आतली वडी म्हणजे ल्यूर गुलाबी बोंडअळीचीच आहे का, ते पाकिटावर वाचून घ्यायचं. हिरव्या अळीची ल्यूर लावून "पतंगच नाहीत" म्हणणारे बरेच निघतात. तंबाखूचा खर्रा घोटलेल्या हाताने ल्यूर धरायची नाही, वासावरच तर तिचं काम चालतं. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज ८ पतंग म्हणजे धोका. तीन दिवसांनी एकदाच सापळा पाहिला आणि १२ मिळाले तर सरासरी रोजचे ४ झाले, १२ नव्हेत. ही चूक हमखास होते आणि फुकटची फवारणी पडते. मोजून झाले की पिशवी रिकामी करून खालची गाठ पुन्हा बांधायची.

शिकवणाऱ्याची खरी कसोटी त्यानंतर लागते. मोजणी सांगते थांबा, आणि धुऱ्यापलीकडच्या वावरात शेजाऱ्याचा पंप चालू असतो. घरात कर्ज, डोक्यावर हंगाम, अशा वेळी न फवारता घरी जायला फार धीर लागतो. चुकलं तर नुकसान त्याचं होणार आहे, आपलं नाही. म्हणून "काही होत नाही, थांबा" असं हलक्यात बोलू नका. तीन दिवसांनी पुन्हा याच २० झाडांवर मोजू, अशी तारीख ठरवा आणि त्या दिवशी हजर राहा. तारीख ठरवून न जाणारा माणूस एका दिवसात वर्षभराची पत घालवतो.

थांबल्याने काय होतं ते डोळ्यांनी दाखवण्यासाठी बरणीचा प्रयोग करा. पारदर्शक बरणी, त्यात मावा लागलेलं कपाशीचं पान आणि मावा खाणाऱ्या ढालकिड्याची अळी, तोंडाला पातळ कापड आणि रबर. ढालकिडा लोक ओळखतात, त्याची अळी ओळखत नाहीत. काळपट, लांबट, पाठीवर नारिंगी ठिपके असलेल्या या अळीला कीड समजून चिरडतात. बरणी एका घरी ठेवायला द्या आणि दुसऱ्या दिवशी उघडा. मावा किती उरला हे त्या घरची पोरंही सांगतील.

निंबोळी अर्काचं प्रात्यक्षिक तर गटानेच करावं. ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, २०० ग्रॅम साबणचुरा वेगळ्या १ लिटर पाण्यात. सकाळी फडक्यातून गाळून दोन्ही एकत्र करायचं आणि एकूण १०० लिटर होईल एवढं पाणी घालायचं. गाळणी ढिली राहिली की नोझल चोंदतं, आणि मग दोष अर्काला जातो. फवारणी संध्याकाळी करावी, उन्हात त्याचा असर लवकर उतरतो. निंबोळ्या सावलीत वाळवलेल्या हव्यात, बुरशी आलेल्या बाजूला काढा.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्यानंतर सुरक्षेचा तास प्रत्येक शेतीशाळेत आला, पण बहुतेक ठिकाणी तो पत्रक वाचून संपतो. त्यापेक्षा कोरा, कधीही औषध न भरलेला पंप घ्या, पाण्यात कपड्यांची नीळ टाका, एकाला जुना पांढरा सदरा-पायजमा घालून उंच पऱ्हाटीत (कपाशीत) दोन ओळी चालवा. एकदा वाऱ्याच्या दिशेने, एकदा विरुद्ध. मग त्याला मधे उभं करून निळे डाग कुठे पडले ते सगळ्यांना मोजू द्या. छाती आणि मांड्यांवर डाग दिसतील, झाकण नीट बसलं नसेल तर पाठीवर ओघळ. त्याच वेळी औषधाचं माप घ्या. दर १० लिटरला २० मिली लिहिलं असेल तर १५ लिटरच्या पंपाला ३० मिली. "एक झाकण" हे माप नाही, प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं. त्रास झाला तर दवाखान्यात जाताना औषधाची बाटली किंवा लेबल सोबत न्यायचं, म्हणजे डॉक्टरांना नेमकं विष कळतं. आणि हा तास ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्यापुरता ठेवू नका. पंप पाठीवर असतो तो सालदाराच्या आणि रोजाच्या मजुराच्या, त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडणार नाही अशी वेळ काढा.

बायकांनाही वगळू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. वेचणी त्या करतात, कवडी म्हणजे किडका, नीट न उमललेला कापूस पहिल्यांदा त्यांच्या हाताला लागतो. कोणत्या ओळीत कवडी जास्त निघते हे त्या न पाहता सांगतात. त्यांना शेवटच्या रांगेत बसवून आपण बोलत राहिलो तर वावराची अर्धी माहिती वर्गाबाहेर राहते. निंदणाआधी, सकाळी सातला, अर्धा-पाऊण तास, तेही त्या जिथे कामाला आहेत त्या वावरात, असा वर्ग जमतो.

एका वर्गात एकच गोष्ट शिकवा. वीस-पंचवीस जणांचे पाच-पाचचे गट पाडा, प्रत्येकाने किमान एक झाड स्वतः मोजलंच पाहिजे. कोणाचा आकडा चुकला तर चारचौघांत दुरुस्त करू नका, काकाजींच्या वयाच्या माणसाला ते लागतं आणि ते पुन्हा येत नाहीत. दोन गटांना तेच झाड मोजायला द्या, फरक आपोआप समोर येईल.

या कामात मिळतं काय? पगारात, मानधनात ते दिसत नाही. पण तुमच्या वर्गाला कधीच न आलेला माणूस वावरात २० बोंडं फोडताना दिसतो आणि विचारल्यावर धुऱ्याच्या शेजाऱ्याने शिकवलं म्हणतो. "यंदा एक फवारणी वाचली" हे वाक्य कानावर येतं. त्या एका फवारणीत औषध, मजुरी आणि एका माणसाच्या अंगावर पडणारं विष, तिन्ही वाचलेलं असतं. यापेक्षा मोठी कमाई मला या कामात माहीत नाही.

शेवटचा वर्ग डिसेंबरात ठेवा, आणि तो फरदडीवर, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन उभ्या ठेवलेल्या कपाशीवर. पऱ्हाटी उभी राहिली तर अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, तरी चार पैशांसाठी पाणी दिलं जातं. तेव्हा उपदेश करू नका, वही काढा. फरदडीचा कापूस किती निघेल, त्यात कवडी किती, तिला भाव काय, वेचणीची मजुरी किलोमागे किती, पाण्याचा आणि औषधाचा खर्च किती, हे सगळं त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच आकड्यांनी लिहून घ्या. बेरीज गटातल्याच कोणाला तरी करू द्या. ती वही आपल्या पिशवीत न नेता गटाकडेच ठेवा, मे महिन्यात उगवणीचे आकडे तिच्यातच लिहायचे आहेत.