पाच मिनिटांचं काम

माझ्या कॉम्प्युटरवर आता दोन ऑपरेटिंग सिस्टीम आहेत, एक रोजची विंडोज आणि एक अडीनडीची, आणि आमच्या घरातलं सर्वमान्य मत असं आहे की हे काम साडूंच्या ऑफिसातल्या पोराने केलं. त्या पोराला मी आजवर बघितलेलं नाही. त्याने माझ्या कीबोर्डला बोटसुद्धा लावलेलं नाही. तरी परवा मेहुणीने फोनवर हिला विचारलं, "काय गं, त्या पोराने करून दिलेलं नीट चालतंय ना?" आणि ही म्हणाली, "हो, मस्त चालतंय." मी समोरच बसलो होतो.

झालं होतं एवढंच की एका अपडेटनंतर मशीन उठेना. दुरुस्तीची तयारी चालू आहे, तपासणी चालू आहे, दुरुस्ती होऊ शकली नाही, रीस्टार्ट, परत तयारी चालू आहे. त्यातून कसाबसा बाहेर आलो, फायली बचावल्या, आणि ठरवलं की याच मशीनवर दुसरी सिस्टीम टाकून ठेवायची, पहिली आडवी पडली की दुसरीतून बूट करायचं, फायली उचलायच्या आणि कामाला लागायचं. लिनक्स मिंट घेतलं, फुकट आहे, हलकं आहे, परवाना-बिरवाना मागत नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळीच बसलो, पेनड्राइव्ह तयार केला, आणि साडू आले.

साडूंचं कॉम्प्युटरचं ज्ञान दोन वाक्यांत संपतं. एक, "फॉरमॅट मारा." दोन, "आमच्या ऑफिसात एक पोरगा आहे, तो पाच मिनिटांत करतो." प्रिंटर अडकला, नेट गेलं, पासवर्ड विसरला, पोरगा पाच मिनिटांत करतो. चार नाही, सहा नाही, पाच. मी त्यांना एकदा विचारलं होतं की अहो, आख्खी हार्ड डिस्क मेली तर? त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "दहा."

तर ते खुर्ची ओढून माझ्या खांद्यामागे बसले. मी सी ड्राइव्ह लहान करत होतो. आता हा एक स्वतंत्र छळ आहे. ड्राइव्ह अर्ध्याहून जास्त रिकामा दिसतो, पण श्रिंक करायला जावं तर मशीन चिमूटभर जागा देऊ करतं, कारण मधेच कुठेतरी हलवता न येणाऱ्या फायली ठाण मांडून असतात, सगळ्या विंडोजच्या स्वतःच्या कामाच्या, पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, मास्टर फाइल टेबलचे तुकडे. रेल्वेच्या रिकाम्या डब्यात एकच माणूस मधोमध आडवा झोपलाय आणि त्याला उठवायची कोणाची टाप नाही, तसलं. पेजफाइल आणि हायबरनेशन तात्पुरतं बंद केलं, रीस्टार्ट केलं, तेव्हा कुठे सरकलं.

"काय चाललंय?" साडू.

"दुसऱ्या सिस्टीमला जागा करतोय."

"मग सी कशाला फोडताय? ए आणि बी रिकामेच आहेत की! इतकी वर्षं बघतोय मी, तुमचं सगळं सीपासूनच सुरू होतं. तिथे टाका ना."

मी नीट समजावून सांगितलं. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखलेली होती, पुढे हार्ड डिस्क आली तिला सी मिळालं, फ्लॉपी गेली पण अक्षरं तशीच राहिली, तिथे आता जागा अशी काही नाहीच. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मान डोलवली, आणि म्हणाले, "म्हणजे रिकामेच आहेत."

यावर काय बोलणार. आहेत म्हटलं.

मग पेनड्राइव्हवरून बूट. त्यासाठी मशीन चालू केल्या केल्या, लोगो यायच्या आत, एक की दाबायची असते आणि ती कुठली हे प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने ठरवलंय, कुठे एफ १२, कुठे एफ २, कुठे एस्केप, कुठे डिलीट, आणि त्याच कींवर आवाज आणि ब्राइटनेस बसवलेला असेल तर आधी एफएन शोधा. क्षण चुकायला नको म्हणून सगळे जाणकार टकाटक दाबतच राहतात. मीही दाबत होतो. मागून आवाज आला, "हळू. बटण तुटेल." यूएसबीची गंमत तर मी त्यांना सांगितलीच नाही, की पेनड्राइव्ह फॅट ३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असला तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यात मावत नाही, पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. सांगितलं असतं तर म्हणाले असते, फॉरमॅट मारा, आणि या एका ठिकाणी ते बरोबर ठरले असते, जे मला नको होतं.

मिंट बसलं. बसायला खरंच वेळ लागत नाही, वेळ लागतो तो आधी आणि नंतर. वायफायचा ड्रायव्हर तिसऱ्याच कुणाचातरी, सही नसलेला, सिक्युअर बूट, म्हणजे बिनसहीचं काही चढू न देणारा पहारा, चालू असताना तो लोड होईना, म्हणून बायोसमध्ये, म्हणजे सिस्टीम उठायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन सिक्युअर बूट बंद केलं. आणि रोजची सिस्टीम उघडते का बघायला गेलो तर निळी स्क्रीन. बिटलॉकर, विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप. रिकव्हरी की टाका.

"गेलं!" साडू इतक्या समाधानाने म्हणाले की मला त्यांच्या तोंडाकडे बघावं लागलं. "मी मघाच म्हणत होतो, फॉरमॅट मारा."

काही गेलं नव्हतं. बायोसमध्ये असले बदल केले की डिस्कचं कुलूप घाबरतं आणि ओळख विचारतं, त्याचं कामच ते. की मी आधीच छापून ड्रॉवरमध्ये ठेवली होती. ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. कागद काढला तर साडूंनी तो हातातून घेतलाच. "तुम्ही टाइप करा, मी वाचतो."

एकेक आकडा वाचावा की नाही माणसाने. साडू जोडीने वाचतात.

"एकोणसत्तर. एकोणनव्वद. अठ्ठावीस."

मी टाइप केलं, मशीन नाही म्हणालं. यातली कमाल अशी की त्या प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, मुद्दामच तसं केलेलं आहे, म्हणजे टाइप करताना आकडा चुकला तर पकडला जावा. मी म्हटलं, साडूभाऊ, हा गट चुकलाय.

"छापलंय तेच वाचतोय."

"६९८९२८ ला ११ ने भाग जात नाही."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे असं बघितलं की आता याच्या सासरी कळवायलाच हवं. मग कागद डोळ्यांना चिकटवून म्हणाले, "एकोणऐंशी आहे ते. मी एकोणऐंशीच म्हणालो." उरलेले सगळे गट त्यांनी त्याच चालीवर वाचले. मधे एकदा "डबल पाच" म्हणाले, ते पंचावन्न की दोन वेळा पंचावन्न यावर आमची वेगळी चर्चा झाली. एकदा आतून हाक आली म्हणून कागद घेऊनच निघून गेले. "कागद इकडे द्या" असं मी किती वेळा म्हटलं ते सोडा, त्यांच्या मते ते मदत करत होते.

की लागली, सिस्टीम उघडली, पण तोवर त्यांनी पोराला फोन लावला होता. स्पीकरवर. सुट्टीच्या दिवशी. तो बिचारा कुठल्यातरी गर्दीत होता, मागे हॉर्न वाजत होते. साडूंनी त्याला सांगितलं की आमच्या साडूंनी कॉम्प्युटर अर्धवट खोलून ठेवलाय.

पोरगा शांत. "सर, फास्ट स्टार्टअप बंद केलंय ना?"

प्रश्न अगदी बरोबर होता. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज शटडाउन केल्यावरही पुरतं बंद होत नाही, आतून अर्धं झोपलेलं असतं, आणि मग लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही, नुसतं वाचता येतं. मी म्हटलं, "केलंय, सकाळीच केलंय."

पण साडू आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "फास्ट स्टार्टअप बंद करायला सांगतोय तो!" आणि आतून दोघी बहिणी एकदम, "बरं झालं बाई विचारलं त्याला." झालं. तिथे निकाल लागला. पुढच्याच बूटला दोन्ही नावं मेनूत नीट दिसली आणि ती पोरामुळे दिसली.

खरा मुद्दा तर पुढेच आहे. पोरगा फोन ठेवता ठेवता मला म्हणाला, "सर, चांगलं केलंत. आमच्या सरांच्या मशीनला पण मी दुसऱ्या पार्टिशनवर एक साधी सिस्टीम टाकून ठेवलीय. मेन अडकली की तिच्यातून उठवतो, म्हणून तर पाच मिनिटांत होतं. ते सेट करायला शनिवार-रविवार गेला होता माझा."

साडू माझ्याकडे वळले. "ऐकलंत? पाच मिनिटं."

पोरावर माझा राग नाही. असलाच तर उलट. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन एका झटक्यात निळी पडली, विमानं रद्द झाली, हॉस्पिटलांची कामं खोळंबली, आणि उपाय काय, तर एक फाइल डिलीट करायची. एक! पण मशीन उठतच नाही तर डिलीट करणार कुठून, म्हणून कितीतरी ठिकाणी एकेका मशीनपुढे माणूस बसवून, सेफ मोडमध्ये जाऊन, हाताने, आणि बिटलॉकर असलं की प्रत्येकाचे ते ४८ आकडे. तेव्हा रात्रभर अशीच पोरं बसली असणार आणि त्यांच्या मागे खुर्ची ओढून कोणीतरी फॉरमॅट मारा म्हणत असणार, याबद्दल मला तरी शंका नाही. हे सगळं मी साडूंना सांगितलं. ते म्हणाले, "एवढ्या मोठ्या कंपन्या, एक पोरगा ठेवता येत नाही?" आणि मग, कारण डोकं त्यांचं चालतं, फक्त चुकीच्या वेळी चालतं, "बरं, तुमची ही हार्ड डिस्कच गेली तर दोन्ही जाणार ना? मग उपयोग काय?" त्यासाठी तिसरी सिस्टीम पेनड्राइव्हवर आहे आणि फायलींचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं तर त्यांनी मला काळजीनेच विचारलं, "तुमची झोप होते ना नीट?"

घरात आता वेगळ्याच तक्रारी आहेत. मिंट मशीनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ धरतं आणि विंडोज स्थानिक, त्यामुळे मिंट उघडून परत आलं की विंडोजमधलं घड्याळ काही तास इकडचं तिकडे. एका कमांडमध्ये मिटतं ते, मिटवलंही, पण "घड्याळ बिघडवलं" हे मात्र माझ्या खात्यावर, पोराच्या नाही. आणि चालू करताना येणारा तो काळा मेनू कोणालाच नको आहे. मी दहा सेकंद ठेवले होते. मुलगी म्हणते शून्य कर. शून्य केलं तर मेनू दिसणारच नाही, आणि मेनू दिसावा म्हणून तर सगळा उपद्व्याप, पण हे सांगत बसायचं त्राण नव्हतं. ग्रबच्या, म्हणजे हा मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलीत जाऊन पाच केले, अपडेट-ग्रब मारलं. दोन दिवसांनी हिनेही तोंड वाकडं केलं. तीन केले. आता म्हणतायत, त्या पोराला विचार ना, तो काहीतरी करेल.