भूत उतरवण्याचा सिनेमा काढताय? मग एवढं कराच

पहिल्यांदा एक फादर गाठा. वयस्कर, श्रद्धा डळमळलेले, रात्री एकटेच बाटली घेऊन बसणारे. जोडीला एक तरुण फादर, ज्यांच्या हातून पूर्वी काहीतरी भयंकर घडलंय. बाकी फादर दिवसभर काय करतात याच्या भानगडीत पडू नका. आमच्या वसईतल्या फादरांचा निम्मा दिवस लग्नाच्या नोटिसा, आजाऱ्यांच्या भेटी आणि छपराची गळती यांत जातो. त्याला तिकीट कोण काढणार?

पाऊस हवाच.

बायबल हातात द्या, पण उघडू देऊ नका. उघडलं तर पंचाईत आहे. मार्कच्या पहिल्याच अध्यायात कफर्णहूमच्या सभास्थानात अशुद्ध आत्मा लागलेला माणूस ओरडतो. येशू त्याला गप्प राहून बाहेर निघायला सांगतो आणि विषय संपतो. एका वाक्यात! तुमचे दोन तास भरायचे कशानं? प्रेषितांची कृत्ये, अध्याय 19 तर मुळीच नको. तिथे स्किवाचे सात मुलगे येशूचं नाव मंत्रासारखं वापरून बघतात, तर तो भुतानं धरलेला माणूसच त्यांना बडवून उघडेनागडे पळवून लावतो. तुमचे फादर शेवटच्या वीस मिनिटांत नेमकं त्या सात भावांसारखंच वागत असतात, फक्त लॅटिनमध्ये आणि जास्त मोठ्यानं.

परवानगीचा प्रसंग एका फोनवर उरका. कॅनन लॉ म्हणजे कॅथलिक चर्चचा कायदा, त्याच्या कलम 1172 प्रमाणे बिशपांच्या खास आणि स्पष्ट परवानगीशिवाय हा विधी कुणालाच करता येत नाही. 1999 मध्ये आलेल्या सुधारित विधीत प्रसारमाध्यमांना आत घ्यायलाच मनाई आहे. तेव्हा कोपऱ्यात एक पत्रकार आणि दोन-तीन कॅमेरे ठेवायला विसरू नका.

मुलीला पलंगाला बांधा. शूटिंग मात्र परदेशातच दाखवा, कारण भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला बांधून मारहाण करणं हा महाराष्ट्रात 2013 पासून गुन्हा आहे.

आता डॉक्टर. हे पात्र मध्यंतराआधी संपवायचं. 1973 च्या 'द एक्सॉर्सिस्ट'मध्ये निदान त्या मुलीच्या तपासण्या तरी बराच वेळ दाखवल्या होत्या. मग डॉक्टरांनीच हात टेकले आणि फादरांचा मार्ग सुचवला. नंतरच्या मंडळींनी तपासण्या कापल्या, हात टेकणं तेवढं ठेवलं. डॉक्टर आला की त्याला चष्मा द्या, तुसडेपणा द्या आणि 'विज्ञानाला सगळं कळत नाही' हे वाक्य द्या. प्रेक्षक खूश. आमच्या सोसायटीतल्या काकूही खूश. गेल्या महिन्यात त्यांनी मला जिन्यात गाठलं. त्यांच्या भाचीला फिट येतात. "तुमच्यात ते करतात ना? एखादे फादर बघा की. परवा सिनेमात बघितलं, अगदी हिच्यासारखंच, डोळे वर आणि तोंड वाकडं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "गोळ्या थोडे दिवस बंद केल्यात. म्हणजे खरं काय ते कळेल." भाची दोन पायऱ्या खाली उभी होती, पाण्याच्या बाटलीवरचं लेबल नखानं सोलत.

'सत्य घटनेवर आधारित' ही पाटी टाका. खाली काय सत्य होतं ते सांगू नका. 2005 च्या 'द एक्सॉर्सिझम ऑफ एमिली रोझ'मागची खरी मुलगी जर्मनीतली, आनेलीजे मिशेल. तिला अपस्माराचं, म्हणजे फिट येण्याच्या आजाराचं, निदान झालं होतं. सिनेमात विधी एकदाच होतो, धान्याच्या कोठारात, विजांच्या कडकडाटात. प्रत्यक्षात दहाएक महिन्यांत 67 वेळा झाला आणि 1 जुलै 1976 रोजी ती उपासमारीनं मेली. वय 23, वजन सुमारे 30 किलो. सिनेमात खटला एकट्या फादरांवर चालतो. खऱ्या खटल्यात आईवडीलही आरोपी होते आणि 1978 मध्ये आशाफेनबुर्गच्या न्यायालयानं त्यांच्यासह विधी करणाऱ्या दोन फादरांना दोषी ठरवलं. आणि हो, बिशपांची परवानगी होती, रीतसर. आमच्या चर्चला ही गोष्ट झटकता येत नाही आणि झटकूही नये. आज कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट लिहिलंय की आजार, विशेषतः मानसिक आजार, ही वेगळी बाब आहे आणि त्यावर उपचार करणं वैद्यकाचं काम आहे. आधी आजार नाही याची खात्री करा, मग पुढचं. तुमच्या एका तरी सिनेमात हे वाक्य आहे का?

बस झाल्या टिपा. मला भूत आहे की नाही यावर वाद घालायचा नाही. बायबलमध्ये आहे, मी मानतो. पण फिट येणाऱ्या पोरीच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर एकामागून एक फिट येत राहून जीव जाऊ शकतो, आणि तिथे कुठलाही क्रूस उगारून उपयोग नाही. सिनेमावाल्यांनो, तुमच्या नफ्याशी मला देणंघेणं नाही, पण खऱ्या मेलेल्या मुलीच्या नावावर तिकिटं विकता तर तिचा आजारही धड दाखवा. आणि बघणाऱ्यांनो, तुम्हाला कळत नाही? घरातल्या पोरीचा आजार पडद्यावरून ओळखता? फादर हवेत तर नंबर देतो, प्रार्थना ते आनंदानं करतील. आधी डॉक्टरांना फोन करा, गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या ते विचारा, आणि तिच्यादेखत जिन्यात उभं राहून भुताच्या गप्पा मारू नका. तिला ऐकू येतं.