प्रिलिमनंतर दाखला काढायला निघालेल्यांसाठी

"दादा, दाखल्याला काय काय कागदं लागत्यात रे?"

रविवारी सकाळी सव्वासातला कागलहून बहिणीचा फोन. मला वाटलं जातीचा असेल, नाहीतर उत्पन्नाचा. तिला हवा होता माझ्या भाचीचा कॉलेज सोडल्याचा दाखला. भाची बारावी सायन्सला आहे आणि महिना जानेवारीचा. बोर्डाची परीक्षा पाच आठवड्यांवर आलेली. प्रिलिमला फिजिक्समध्ये 70 पैकी 19 पडल्यापासून पोरगी धड जेवत नाही, झोपत नाही, एवढं मला ठाऊक होतं. हे दाखल्याचं खूळ कुठून आलं ते ठाऊक नव्हतं.

"अरे मेसेज आलाय की. सगळ्यांस्नी आलाय."

आलाय खरा. दुपारपर्यंत मला तो आणखी तीन ग्रुपवर दिसला, तालीम मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा. मथळा असा: 'पालकांनो, मुलं वाचवायची असतील तर आजच दाखला काढा!' खाली लिहिणाऱ्याचं ना नाव, ना गाव. मजकुराचा सारांश असा की दहावी-बारावीच्या मुलांचा ताण शाळा-कॉलेजमुळे असतो. घरी बसवा, महिन्यात मूल पूर्ववत होतं. घरून शिकण्याचा हक्क आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने दिलेला आहे. 17 नंबर, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज, भरून थेट फेब्रुवारीत परीक्षा देता येते, नाहीतर ओपन स्कूल आहेच, पेपर सोपा आणि सर्टिफिकेट सेम. दिवसाला दोन तास अभ्यास पुरतो. मुलाला डॉक्टर-समुपदेशकाकडे नेऊ नका, कपाळावर शिक्का बसतो. आणि शेवटी, एडिसन, टागोर आणि 'आपले शाहू महाराजसुद्धा' घरीच शिकले.

मी 26 वर्षं ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. दाखले मीच लिहितो, 17 नंबरचे अर्जही माझ्याच टेबलावरून जातात. त्यामुळे हा मेसेज वाचताना चहा गार झाला.

आधी महाराजांचं, कारण ते वाचूनच डोकं तापलं. कोल्हापुरात बसून असलं खपवायला धाडस लागतं. शाहू महाराज राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकले, मग धारवाडला फ्रेजर या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली. दत्तक गेलेलं लहान पोर, मागं एवढं मोठं संस्थान, तरी त्यांना घरात ठेवून शिकवलं नाही, शेकडो मैल लांब धाडलं. बरं, स्वतः गादीवर आल्यावर महाराजांनी काय केलं? 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकामागून एक जाती-धर्मांची बोर्डिंगं उभी केली, म्हणजे खेड्यातलं पोर गावात अडकून न राहता चार पोरांत राहून शिकेल. 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळातला रुपया! या माणसाचं नाव दाखला काढायला लावणाऱ्या मेसेजमध्ये? बहिणीला म्हटलं, तू राहतेस कागलात, महाराज ज्या घराण्यात जन्मले त्या घाटग्यांच्या गावात, तुला तरी हे पटलं कसं? ती गप्प बसली.

एडिसनला आईनं घरी शिकवलं हे खरं. पण तेव्हा तो लहान पोर होता, बारावी सायन्सला नव्हता. बारा वर्षांचा झाला तेव्हा रेल्वेत पेपर विकत होता. तेही करायचं असेल तर कोल्हापूर स्टेशन आपलंच आहे. टागोरांना शाळा आवडली नाही हेही खरं. म्हणून त्यांनी 1901 साली शांतिनिकेतनात काय काढलं? शाळाच.

आरटीईचं एका वाक्यात संपतं. तो कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे आणि त्यात हक्क दिलाय तो घराजवळच्या शाळेत शिकण्याचा. माझी भाची 17 वर्षांची आहे.

आता 17 नंबर. ही माझी रोजची भाकरी, त्यामुळे इथं थोडा वेळ घेतो. 17 नंबर म्हणजे घरी बसून परीक्षा, असा पुष्कळांचा समज आहे. तसं नसतं. हा अर्ज कुठल्यातरी शाळा-कॉलेजमार्फतच मंडळाकडे जातो आणि मुलाला त्या केंद्राशी बांधून घ्यावं लागतं. त्याची मुदत परीक्षेच्या बरेच महिने आधी असते. जानेवारीत दाखला काढून फेब्रुवारीत 17 नंबरनं बसणं म्हणजे वरात निघाल्यावर मुलगी बघायला जाणं. भाचीचा फॉर्म कॉलेजनं कधीच भरलाय, नियमित विद्यार्थिनी म्हणून. दाखला काढला की ज्याच्या जोरावर तो फॉर्म उभा आहे तेच निघून जातं. शिवाय फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीला प्रत्येकी 30 गुणांचं प्रॅक्टिकल आहे. तिन्ही मिळून 90 गुण आणि ते पंधरा दिवसांवर आलंय. ब्युरेट काय स्वयंपाकघरात पाणी तापवायच्या बंबाला लावणार?

हे सगळं दाजींना सांगितलं तर ते म्हणाले, "मग ओपन स्कूल बघूया की." दाजी गोकुळ शिरगावला फाउंड्रीत आहेत. पहिली पाळी असली की पहाटे घर सोडतात. बहीण अंगणवाडीत. म्हणजे घरून शिकायचं तर घरात उरते आजी, आणि आजीची सिरीयल दुपारी एकला सुरू होते. फिजिक्स कोण शिकवणार, हे मेसेजवाल्यानं लिहिलेलं नाही. दोन तास पुरतात म्हणे. कुणाला?

इथं मला एक कबूल करावं लागतंय, आणि ते मी आनंदानं करत नाही. ओपन स्कूलचं सर्टिफिकेट खरंच चालतं. ते देणारी एनआयओएस ही केंद्र सरकारची संस्था आहे, 1989 पासूनची. ओपन स्कूलच्या मुलांना मेडिकलच्या नीट परीक्षेला बसू देऊ नये म्हणून जो घोळ होता, तोही 2024 साली सुप्रीम कोर्टात मिटला. चार-पाच वर्षांपूर्वी आमच्याकडचा एक मुलगा मणक्याच्या ऑपरेशननंतर त्या वाटेनं गेला, आज बी.कॉम.ला आहे. तालमीतली पोरं 17 नंबरनं बसतात, त्यांचे अर्ज मीच तपासलेत. पण त्या मुलाच्या आईबापांनी जूनमध्ये ठरवलं होतं, दवाखान्याचे कागद घेऊन, सहा फेऱ्या मारून. पैलवानांचं तर दोन-तीन वर्षं आधीच ठरलेलं असतं. प्रिलिमचा निकाल लागल्या रात्री मोबाईल बघून कुणी गेलेलं नाही. आणि पेपर सोपा म्हणाल, तर तिथंही निदान पाच विषय असतात, गृहपाठ द्यावे लागतात, सायन्सला प्रॅक्टिकल चुकत नाही. जानेवारीत नाव घातलं तर साध्या मार्गानं परीक्षा येते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे पाच आठवड्यांचा ताण नऊ-दहा महिन्यांवर गेला. त्या काळात सगळ्या वर्गमैत्रिणी पुढं गेलेल्या, आणि गल्लीतली प्रत्येक बाई विचारणार, "काय गं, कॉलेज सोडलंस म्हणं?"

पण ताण कॉलेजमुळेच येतो, हे तरी खरं आहे का? एनसीईआरटी या केंद्राच्या शिक्षण संस्थेनं 2022 साली सहावी ते बारावीच्या मुलांचं सर्वेक्षण केलं होतं. थोडीथोडकी नाहीत, 3 लाख 79 हजारांवर मुलं. त्यांना चिंता कशाची वाटते, तर 81 टक्क्यांचं उत्तर अभ्यास, परीक्षा आणि निकाल. त्याच सर्वेक्षणात 73 टक्के मुलं शाळेतल्या आयुष्याबद्दल समाधानी होती. आणि ऑनलाइन शिकणं 51 टक्क्यांना जड गेलं होतं. हे तीन आकडे शेजारी ठेवा. दाखला काढल्यावर काय जातं? वर्ग जातो, मैत्रिणी जातात, डबा खायची जागा जाते, लॅबमधला शिपाई जातो. काय राहतं? अभ्यास, परीक्षा आणि निकाल. ज्यानं मूल कासावीस होतं ते सगळं घरात येऊन बसलं, आणि ज्याच्या आधारानं ते निभावत होतं ते दाराबाहेर राहिलं.

महिन्यात पूर्ववत होतं म्हणे. पहिले चार दिवस होतंच. पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकणारं पोर पाठीला डबा बांधून पायरीवर उभं असतं, रडत असतं. त्याला घरी नेलं की लगेच हसतं. दुसऱ्या उन्हाळ्यात ते घाटाकडे जायच्या रस्त्यावरच रडायला लागतं. भीती टाळली की वाढते, हे कुठलाही मानसोपचारतज्ज्ञ सांगेल. मी घाटावर बघितलंय.

आणि ज्या वाक्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते हे: 'डॉक्टर-समुपदेशकाकडे नेऊ नका.' बाकीचं अडाणीपणात मोजता येईल. हे वाक्य कुणाच्या तरी जिवावर बेतेल. भाची दोन आठवडे झोपलेली नव्हती. पहाटे तीनला उठून गॅलरीत उभी राहायची, हे बहिणीनं मला फोनवर असं सांगितलं जसं दूध नासलंय सांगावं. "वयात असतंय रे तसं." दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, हे वयात असत नाही. ताप 15 दिवस उतरला नसता तर तू मेसेज वाचत बसली असतीस का, विचारलं. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढायला किती पैसे लागतात ते तुम्हाला माहीत आहे. तेवढंही जमत नसेल तर 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारचा, फुकट, रात्री तीनलाही लागतो आणि मराठीत बोलतात. शिक्क्याची भीती असेल तर सांगतो, 26 वर्षांत हजारो दाखले लिहिले, त्यावर 'डॉक्टरकडे जाऊन आली' असा रकाना मी पाहिलेला नाही. 'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना मात्र असतो.

सोमवारी बहिणीनं सुट्टी टाकली आणि भाचीला सीपीआरला नेलं. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांचं त्यांच्याजवळ. पण परतताना एसटी स्टँडवर पोरीनं आईला जे सांगितलं, ते माझ्या तोंडावर आपटलं. 19 मार्कांनी ती मोडली नव्हती. ते मार्क वर्गात उभं करून मोठ्यानं वाचून दाखवले गेले होते. माझ्याच कॉलेजात, माझ्या टेबलापासून चाळीस पावलांवर. म्हणजे मेसेजवाला त्या बाबतीत निम्मा बरोबर निघाला. मी त्या सरांशी बोललो. चहा न पिता बोललो. प्राचार्यांच्या कानावरही घातलं. भाचीचा सायंकाळचा क्लास तेवढा बंद केला, पहाटेचा ठेवलाय.

दाखल्याचा अर्ज दाजींनी मंगळवारी आणून दिला होता, बहिणीच्या अक्षरात, तारखेसकट. ऑफिसात आलेल्या कागदाला आवक नंबर टाकल्याशिवाय मी हात धुवत नाही. त्याला अजून टाकलेला नाही.

गुरुवारी दुपारी खिडकीशी भाचीचा ॲप्रन दिसला.

"मामा, केमिस्ट्रीचं जर्नल सही होऊन आलंय काय? बघ की. मी थांबतो इथंच."